गव्हले कुणाच्या हातचे

अक्का, तुमच्यातल्या रीतीप्रमाणे तुम्हाला खुर्चीत बसवून मातीला नेलं तेव्हा मी फाटकापाशी उभी होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात शेवंतीचे हार, डोळे मिटलेले. बाकीच्या बायका रडत होत्या आणि मी तुमच्या तोंडाकडं निरखून बघत होते. ज्या चेहऱ्यावरून मला चाळीस वर्षांत कधी काही वाचता आलं नाही, तो आता तरी सैल पडेल असं वाटलं. नाही पडला. डाव्या गालावर तीच घडी, 'मला सगळं माहीत हाय, पण सांगणार न्हाई' म्हणणारी. मेल्यावरसुद्धा तुम्ही काहीतरी लपवून नेताय असा मला संशय आला आणि त्या संशयाची लाजही वाटली. तरी तो गेला नाही.

तुम्ही किती धार्मिक होता, सोशिक होता, हे तुमच्या भावकीतल्या लोकांनी सांगून झालंय. मला त्यातलं काही सांगायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, तेवढंच पुरं करायचंय. मागच्या महिन्यात मी तुमच्या स्वयंपाकघरातून तुम्हाला खोटारडी म्हणून उठून आले. त्यानंतर आपण बोललो नाही.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगते, कारण तुम्हाला नक्की काय ठाऊक होतं तेच मला कधी कळलं नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत भरत होत्या, टाइपरायटर आले होते पण टेबलं यायची होती, म्हणून आम्ही खोक्यांवर टाइपरायटर ठेवून पत्रं बडवत होतो. गावोगावहून आलेले कारकून, शिपाई, ओव्हरसियर खोल्या शोधत फिरत होते. मी बावीस वर्षांची, जळकोटकडच्या खेड्यातून आलेली, एकटी. चार घरांत विचारलं. चारही ठिकाणी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग म्हणाले, खोली कालच गेली. पाचवं घर तुमचं. तुम्ही ओट्यावर बसून तांदूळ निवडत होता. सूप खाली न ठेवता तुम्ही विचारलंत,

"सूर्यवंशी म्हंजे कुठले?"

"जळकोटकडचे."

"मग आमच्या माहेराच्या वाटंवरलेच की. तिथं पाटील हायत सूर्यवंशी. त्येंच्यातले का?"

मी म्हणाले, "हाव. तिकडलेच."

तो शब्द मी किती वेळा तोंडात घोळवून पाहिला असेल. 'तिकडलेच.' गाव तर तेच होतं. पाटलांचा वाडा गावाच्या वरच्या अंगाला आणि आमची वस्ती खालच्या. आडनाव एकच. तुम्ही पुन्हा विचारलं असतं तर मी काय बोलले असते, कोण जाणे. तुम्ही विचारलं नाहीत. नुसतं माझ्या पायांकडं बघितलंत, चपलांकडं, मग म्हणालात, "बा, आत ये." तुमचं माहेर उदगीरच्या पलीकडं, सीमेवरचं. घाईत असलात की तोंडात कानडी यायचं.

खोलीत पेटी ठेवली. पेटीत साडीच्या घडीत बुद्धाची पितळी मूर्ती होती, आईनं दिलेली. ती मी तिथं असेपर्यंत घडीतून बाहेर काढली नाही. रोज सकाळी पेटीचं झाकण थोडं उघडून आत बघायचे आणि बंद करायचे. तुम्ही मागं उभ्या आहात असं मला दर वेळी वाटायचं. दोनदा खरोखर होता.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. जिल्हा झाल्याचे फलक नवे कोरे आणि त्यांच्याखाली हापश्यावर घागरींच्या रांगा. तुमच्या परसात आड होता, त्याचं पाणी पार तळाला गेलेलं. पहिल्याच आठवड्यात मी दोराला हात घातला तर तुम्ही धावत आलात. "तू नको शेंदू, इमल. दोर लागंल हाताला. टायपिंग करतीस." आणि माझी घागर तुम्ही भरून दिलीत. पुढं रोज दिलीत. माझी आजी विहिरीच्या काठाशी घागर ठेवून लांब उभी राहायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं, हे मी ऐकत वाढलेली. म्हणून तुमचं रोजचं पाणी मला गोड लागायचं नाही. माझ्या बोटांची काळजी होती का तुमच्या आडाची? पुढं एकदा मावसभाऊ भेटायला आला, त्यालाही तुम्ही शेंदू दिलं नाहीत. पण तुमच्या पुतणीलाही दिलं नव्हतं. मी असे पुरावे दोन्ही बाजूंनी गोळा करायचे आणि ते नेमके बरोबरीत सुटायचे.

मग राजूचं लग्न ठरलं. तुमची एकुलती एक राजेश्वरी, एकोणीस वर्षांची. स्थळ निलंग्याकडचं, मोठ्या घरचं. उन्हाळा लागला तसं तुम्ही वळवट काढलंत. आमच्या घरी शेवया व्हायच्या, त्याही एखाद्या वर्षी. वळवटाचे इतके प्रकार मी तुमच्याकडंच पाहिले. रव्याचा घट्ट गोळा दुधात तिंबायचा, तुपाच्या हातानं बारीक बारीक चिमटे घ्यायचे आणि प्रत्येकाला आकार द्यायचा. दुपारी चार बायका यायच्या, परसात कडुनिंबाखाली बसायच्या. तिसऱ्या दिवशी रविवार होता. तुम्ही मला हाक मारलीत. "इमल, बोटं चालतात तुझी. ये."

मी गेले नसते तर बरं झालं असतं असं नंतर पुष्कळदा वाटलं. पण खरं सांगते, इतकं कुणी मला बोलावलंच नव्हतं कधी.

तुम्ही शिकवायला लागलात की तुमचा आवाज बदलायचा. "ह्यो नखुला. अंगठ्याच्या नखानं दाबायचा, म्हंजे खळगा पडतो. खळग्यात गूळ बसतो. म्हणून ह्याला गुळाचंच काही करावं, साखर नको, साखर पळून जाती." फणुली नव्या कोऱ्या फणीवर दाबायची, तिच्या रेघांत तूप धरून राहतं, म्हणून ती नुसत्या तुपासाखरेशी. सरगुंडे काडीवर गुंडाळायचे. आतून पोकळ, त्यात पातळ गुळवणी शिरते, घट्ट काही शिरत नाही, म्हणून त्याला दाट खीर घालणारी बाई मूर्ख. शेवई लांब, ती एकटी बरी, दूध वरून. आणि गव्हला सगळ्यांत अवघड. गव्हाच्या दाण्याएवढा, दोन्ही टोकांना निमुळता. "गव्हला आटीव दुधात. चमच्यानं उचलावा, दातानं तोडू न्हाई. लग्नात मान त्याचाच."

मी गव्हल्याला बसले. टाइपरायटरनं माझी बोटं हलकी झाली होती. माझे गव्हले तुमच्यापेक्षा बारीक निघाले, टोकं सुईसारखी. बायका माझ्या ताटाशी वाकून बघू लागल्या. तुम्ही एक उचलून उन्हात धरलात आणि म्हणालात, "ह्ये बघा. ह्याला म्हणतात गव्हला." मी खुशीत बोलायला लागले. इतक्या दिवसांचं तोंड मिटलेलं, ते सुटलं. मोठ्या दुष्काळातली गोष्ट सांगितली.

मी दहा-अकरा वर्षांची, आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, मी तिच्याजवळ असायचे. सुकडी मिळायची, मिलोची लाल ज्वारी मिळायची. एकदा खोकी आली, वर परदेशी अक्षरं. आत पांढुरक्या वाकड्या नळ्या. मॅक्रोनी हा शब्द मला कितीतरी वर्षांनी कळला. तेव्हा बायकांत गिल्ला झाला. एक म्हणाली, "हाडं हायत. ढोरांची." दुसरी म्हणाली, "पोरं होऊ न्हाईत म्हणून औषध भरलंय आत, बघा, भोक ठिवलंय त्यासाठी." कुणी हात लावेना. आईनं एक नळी डोळ्याला लावून आरपार बघितलं, फुंकून बघितली. उकडून आधी स्वतः खाल्ली, एक दिवस वाट बघितली, मग मला दिली, हुलग्याच्या तिखट कळणात. म्हणाली, "पोकळ हाय म्हणून कळण आत शिरतंय. चावलं की सांडतंय. भाकरीला असं न्हाई जमत."

बायका हसल्या. तुम्ही हसला नाहीत. पुढचा चिमटा घेता घेता, मान वर न करता विचारलंत,

"आन पाणी कोण वाढायचं गं तिथं तुम्हाला?"

कामावर सगळ्या जातींच्या बायका होत्या. पाण्याचे रांजण मात्र दोन होते. हे तुम्हाला माहीत असणारच. मी म्हणाले, "एक म्हातारी होती." तुम्ही "हं" म्हणालात. तो 'हं' अजून माझ्या कानात आहे. सापळा होता का तो, अक्का? का तुम्हाला खरंच त्या उन्हात आम्हाला पाणी मिळायचं का एवढंच विचारायचं होतं?

संध्याकाळी सगळ्यांची ताटं एका बाजेवर वाळत घातली. माझं ताट तुम्ही उचललंत आणि माळवदाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या फडक्यावर पसरलंत. चार दिवसांनी बाकीचे गव्हले मोठ्या डब्यात गेले. माझे एका लहान पितळी डब्यात, आणि तो वरच्या फळीवर.

मी मनाला सांगितलं, बारीक आहेत म्हणून वेगळे ठेवले, खास पंगतीला काढतील.

लग्नात खिरीच्या वाट्या फिरल्या तेव्हा मी तीन पंगती हिंडले. वाढायला मदत करते असं दाखवून प्रत्येक वाटीत बघत होते. माझा गव्हला मी कुठंही ओळखला असता. एकाही वाटीत नव्हता. सगळे जाड, बोथट टोकांचे, गल्लीतल्या बायकांचे. शेवटच्या पंगतीत तुम्ही मला बसवलंत, माझ्या वाटीत स्वतःच्या हातानं खीर वाढलीत आणि म्हणालात, "पोटभर जेव." मी जेवले. वाटी पुसून खाल्ली, तुम्हाला काही कळू नये म्हणून.

पुढच्या महिन्यात मी बदली मागून घेतली. किनवटला कुणी जायला तयार नसायचं, त्यामुळं लगेच मिळाली. तुम्ही विचारलंत, "एवढ्या लांब, जंगलात? काय झालं गं?" मी म्हणाले, "नोकरी हाय, अक्का." तुम्ही शिदोरी बांधून दिलीत. ती मी रेल्वेत शेजारच्या बाईला देऊन टाकली.

पंधरा वर्षांनी लातूरला परत आले ती नवऱ्याला आणि लेकीला, प्रज्ञाला, घेऊन. घर बांधलं, दारावर धम्मचक्र लावलं, बैठकीत मूर्ती ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. मुद्दाम तुम्हाला बोलावणं धाडलं. बघू तर खरं, येतात का. तुम्ही आलात, एकट्या, रिक्षानं. मूर्तीसमोर क्षणभर थांबलात. म्हणालात, "पितळ चांगलं हाय. चिंचेनं घासत जा." पाणी प्यालात, भाजी मागून घेतलीत. तुम्ही गेल्यावर नवरा म्हणाला, "बघ, उगाच चाळीस शंका काढत होतीस." मी म्हणाले, "घरी जाऊन अंघोळ केली असंल." असं बोलले मी. तुम्हाला सांगायचं राहिलंच होतं, आज सांगते.

तरी येणंजाणं सुरू झालं. का, ते मला नीट सांगता येत नाही. तुमचे यजमान, अप्पा, गेल्यावर तुम्ही एकट्या होता, माझा नवरा गेल्यावर मीही. राजू मात्र माझ्याशी कधी मोकळी झाली नाही. निलंग्याहून आली आणि मी तिथं असले की ती आतल्या खोलीत जायची. मी समजून घेतलं होतं, मोठ्या घरची सून आहे, आमच्यात बसणं तिला नको असेल.

शेवटची तीन-चार वर्षं मात्र आपली छान गेली, नाही? प्रज्ञा पुण्याहून पास्त्याचे पुडे आणायची. पहिल्यांदा आणले तेव्हा तुमचे डोळे अधू झाले होते. तुम्ही परातीत सगळे पुडे ओतायला लावलेत आणि बोटांनी चाचपत बसलात. "अगं, ह्यो तर सरगुंडाच. तिरका कापलाय. आन ह्यो कान, ह्यो आपला नखुला, अंगठ्यानंच दाबलाय, मशिनीनं दाबला असला तरी कुणाच्या तरी अंगठ्याची नक्कल हाय ही." तांदळासारखा बारीक होता त्याला हात लागला तेव्हा तुम्ही थांबलात. "गव्हला," म्हणालात, आणि मूठ लगेच उघडलीत. माझं लक्ष होतंच.

प्रज्ञा पांढऱ्या सॉसची पाकिटं दाखवायची, तुम्ही हात झटकायचात. पोकळ नळीला येसर आमटी, कारण आमटी पातळ आणि नळीत भरून राहते. लग्नाकार्यातली ती झणझणीत येसर आमटी पास्त्यावर ओतलेली प्रज्ञानं खाल्ली आणि नाक पुसत पुन्हा मागितली. शंखात मटकी, दाणा आपोआप पोटात जाऊन बसतो. चपट्या फितींना लसणाची फोडणी आणि घट्ट वरण, म्हणजे त्या चकोल्याच झाल्या. फुलपाखराच्या आकाराचं आलं तेव्हा तुम्ही मधली चिमटी दाबून बघितलीत. "हितं कच्चं राहतंय. ह्ये नुसतं बघायला केलंय, खायला न्हाई. ठेवून दे." मळसूत्रासारख्या पिळाच्या पास्त्यावरून आपलं भांडण व्हायचं. तुम्ही म्हणायचात, त्याला शेंगदाण्याची कुटलेली चटणी आणि कच्चं करडीचं तेल, चटणी पिळांत अडकते. मी म्हणायचे, कोरडं घशाला बसतं, त्यालाही आमटीच. दर वेळी दोन पातेली चढायची. तुमचं मी खायचे, माझं तुम्ही एक घास घेऊन बाजूला सारायचात. चवीमुळंच का, हे मी दर वेळी मनात विचारायचे.

मागच्या महिन्यात तसंच झालं. तुम्ही माझी वाटी सारलीत आणि माझ्या तोंडून चाळीस वर्षांचं निघालं.

"अक्का, राजूच्या लग्नात माझे गव्हले का न्हाई शिजवले?"

तुम्ही चटणीच्या वाटीवरून बोट फिरवत होता. थांबलात.

"शिजवले की, इमल."

"खोटं बोलू नका. मी तीन पंगतीतल्या वाट्या बघितल्या व्हत्या."

"शिजवले," तुम्ही पुन्हा म्हणालात. "जरा मीठ दे."

मीठ दे! मी उठले. "या वयात तरी खोटारडेपणा सोडा," म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. तुम्ही मागून हाक मारलीत. मी वळले नाही. त्यानंतर तुमचा फोन दोनदा आला. मी घेतला नाही. तिसऱ्यांदा आला तो राजूचा होता, आणि तुम्ही गेला होता.

परवा, तिसऱ्या दिवशी, मी तुमच्या घरी गेले. राजू स्वयंपाकघरात भांडी लावत होती. आता तिचेही केस पांढरे. मला बघून या वेळी ती आत गेली नाही. म्हणाली, "बसा. आईचं आन तुमचं काय झालं व्हतं? शेवटचे दिवस 'इमल आली का' एवढंच विचारून राहिली."

मी सांगितलं. गव्हल्यांचं विचारलं, त्या शिजवले म्हणाल्या, मी खोटारडी म्हणाले.

राजूनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "शिजवले व्हते. माझ्या लग्नात न्हाई. माझ्या ओटीभरणाला."

तिनं जे सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून एकदा ऐका, अक्का. लग्नाआधी आठ दिवस, वळवटाच्या त्याच रविवारी दुपारनंतर, राजूच्या सासूबाईंचा निरोप आला होता. तुमच्या घरी भाडेकरू म्हणून कोण ठेवलीय ते आम्हाला कळलंय, तिचा हात लागलेलं काही लग्नात चालणार नाही, चालवायचं असेल तर बोलणी मोडली समजा. राजू म्हणाली, "आईला धक्का बसला तो आमच्या सासूबाईंचा. तुमची जात ऐकून तिला काई नवल वाटलं न्हाई. तिला आधीच ठाऊक असणार." तुम्ही अप्पांनाही काही बोलला नाहीत. तो पितळी डबा फळीवरच राहिला.

दुसऱ्या वर्षी राजूला दिवस गेले. ओटीभरणाला विहीणबाई दहा बायका घेऊन लातूरला आल्या. तुम्ही खीर केलीत. विहीणबाईंनी दोनदा मागून घेतली. हात तोंडाशी असतानाच विचारलं, "गव्हले कुणाच्या हातचे? इतके बारीक आमच्याकडं न्हाई कुणी करत." तुम्ही म्हणालात, "आमच्या इमलच्या. तुम्ही निरोप धाडला व्हता ना, ती."

वाटी तिथंच राहिली. बायका उठल्या. राजूला त्याच जीपनं परत नेलं. बाळंतपण सासरी झालं. दोन वर्षं तिला माहेरी पाठवलं नाही, तुम्हाला नातवाचं तोंड बघायला मिळालं नाही. राजू सांगत होती आणि तिचा आवाज चढत होता.

"माझं बाळंतपण, विमलताई. पहिलं. मी आई आई करून रडून राहिले व्हते तिथं. तुमच्या गव्हल्यांपायी. आन तुम्ही किनवटला मजेत. तुम्हाला कुणी सांगितलंबी न्हाई. आई म्हणायची, तिला काई सांगायचं न्हाई, सांगितलं तर तिला लग्नातलंबी कळंल."

तेव्हा मला समजलं, ती इतकी वर्षं आतल्या खोलीत का जात होती. तिचा राग होता माझ्यावर, साधा, लेकीचा राग. मी त्याला भलतंच नाव देऊन ठेवलं होतं.

घरी आल्यावर माझं मन नेहमीच्या कामाला लागलं. राजू माझं समाधान करायला रचून सांगतेय का? नाही. समाधानाला कुणी असं ओरडून बोलत नाही. मग दुसरी शंका आली, आणि ती अजून गेलेली नाही. तुम्ही ते कुणासाठी केलंत? माझ्यासाठी, की विहिणीवर डाव उलटवायला? माझे गव्हले तुम्ही मानानं वाढलेत की तिच्या घशात मारायला? आणि राजूचा विचार केला होतात का? मी तुम्हाला समोर बसवून विचारलं असतं आणि तुम्ही पुन्हा मीठ मागितलं असतं, हेही मला माहीत आहे.

एवढं कबूल करते. तुम्ही खोटं बोलत नव्हता. निम्मं बोलत होता. लग्नात तुम्ही भ्यालात. मला त्याचा राग आहे आणि तो उतरणार नाही. माझं ताट उचलून दुसऱ्या टोकाला नेलंत तो क्षण कुठल्याही खिरीनं भरून निघत नाही. पण त्या वेळी मीही भ्यालेलीच होते, पेटीचं झाकण थोडंसं उघडून बघणारी. दोन भित्र्या बायका एका छपराखाली राहत होत्या आणि एकमेकींवर पाळत ठेवत होत्या. त्यातल्या एकीनं दुसऱ्या वर्षी दहा बायकांसमोर तोंड उघडलं आणि त्याचा दंड भोगला. ती मी नव्हते.

पण सांगायला हवं होतंत. पंधरा वर्षांनी परत आले तेव्हा, मूर्तीकडं बघून पितळाचं बोललात तेव्हा, परातीत तो बारीक पास्ता मुठीतून सोडलात तेव्हा. तुम्हाला वाटलं मला लग्नातलं कळेल. मला तर पहिल्या पंगतीतच कळलं होतं, अक्का. जे कळायला हवं होतं तेवढंच राहिलं.

काल दुपारी मी रडले. इतके दिवस रडू आलं नव्हतं. रडता रडताच रागही येत होता, आणि हा राग आता कुणाकडं घेऊन जायचा ते कळेना. तुम्ही असता तर मी आज तुमच्या दारात उभी राहून भांडले असते, गल्ली ऐकेल अशी. तुम्ही सगळं ऐकून घेतलं असतंत, उत्तर दिलं नसतंत, आणि म्हणाला असतात, "झालं का बोलून? बस. जेवून जा." मी अजून तणतणत असते. तशीच पाटावर बसले असते.

तुम्ही फोन केला होतात दोनदा. मी घ्यायला हवा होता.